आडसाली युरोप

भाचा आला तेव्हा मी उंबऱ्यात बसून तूर निवडत होते. चहा झाला, ऊसतोडीचं बोलणं झालं, मग तो मुद्द्यावर आला.

"मावशी, दोन लाख रुपये पंधरा दिस माझ्या खात्यावर ठेवतीस का?"

"कशाला?"

"युरोपला जायाचं ठरवलंय. व्हिसाला बॅलन्स दाखवाय लागतोय. काम झालं की आल्या पावली परत."

"न्हाई ठेवत."

त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, रात्री मेहुण्यांचा. माझ्याकडे पैसे नसतील, असं दोघांनी धरलं. पैसे आहेत. पोरानं जग बघावं, असं मला त्याच्या आईबापापेक्षाही जास्त वाटतं. म्हणूनच नाही म्हणाले.

बँकेच्या खिडकीमागे माझी तीस वर्षं गेली. खातेउतारा वाचणारा माणूस शिल्लक सगळ्यात शेवटी बघतो. आधी तो तारखा बघतो. सहा महिने महिनाअखेरीला चार-पाच हजार उरणाऱ्या खात्यावर एक दिवस अचानक दोन लाख येऊन बसले, की ते उसने आहेत हे नवख्या कारकुनालाही कळतं. मग व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला कळणार नाही? त्याचं कामच ते आहे. आणि कळलं नाही तरी अर्जाखाली सही तुझी असते. दुसऱ्याच्या पैशावर स्वतःचं नाव घालून सही करायची आणि परदेशाच्या दारात उभं राहायचं, ही कसली सुरुवात?

युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा असतो, त्याला शेंगेन म्हणतात. त्याचा अर्ज नाकारला गेला की त्याची नोंद तिथल्या यंत्रणेत ५ वर्षं राहते. २०२४ साली भारतातून ११ लाखांच्या वर अर्ज गेले आणि त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. शुल्क परत मिळत नाही. जून २०२४ पासून ते ९० युरो झालं आहे. हिशेबाला युरो १०५ रुपये धरला तर ९,४५० रुपये. मेहुण्यांना मी हे उसाच्या भाषेत सांगितलं, कारण आमच्याकडे दुसरी भाषा लवकर पटत नाही. टनाला साडेतीन हजार धरले तर पावणेतीन टन ऊस नुसत्या अर्जाला जातो, आणि अर्ज फेटाळला तर तो ऊस वाहून गेला. मेहुणे गप्प झाले.

आता दुसरी बाजू, आणि तिथे मला खरोखर राग येतो. आमच्या भागातल्या पोरांकडे पैसा नसतो असं नाही, पैशाचा कागद नसतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून चार-पाच एकर बागायत असलेल्या बापानं जन्मात कधी विवरणपत्र भरलेलं नसतं. ऊसबिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर वळतं होतं आणि उरलेलं जिल्हा बँकेच्या खात्यावर पडतं. तिथून निम्मं रोखीनं निघतं. दुधाचे पैसे दहा दिवसांना येतात आणि बाजारात जातात. शिल्लक पडलीच तर ती गावातल्या पतसंस्थेत ठेव म्हणून बसते. घर खातंपितं असतं, दारात ट्रॅक्टर असतो, आणि परक्या देशाच्या अधिकाऱ्यापुढे ठेवायला कागद म्हणून एक चुरगळलेलं पासबुक निघतं. मग एजंट सांगतो, कुणाकडून तरी दोन लाख फिरवून आणा. दुसरा डमी तिकीट विकतो. पोरांच्या अज्ञानावर हे धंदे चालतात आणि आपण त्यांना 'सेटिंग' म्हणून कौतुकानं नाव देतो. मला ते कौतुक मुळीच मान्य नाही.

कागद तयार होतो, त्याला वेळ द्यावा लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते दाखवून विवरणपत्र भरता येतं. कारखान्याची ऊसबिलं, सातबारा, आठ-अ हे सगळं इंग्रजी भाषांतरासह जोडता येतं. भाचा इचलकरंजीला सूतगिरणीत नोकरीला आहे, पगार खात्यावर जमा होतो. त्याच्या पगाराच्या पावत्या आणि साहेबांनी सही करून दिलेला रजेचा कागद या दोन गोष्टींना उसन्या दोन लाखांपेक्षा कितीतरी जास्त वजन आहे. परत येण्याचं कारण माणसाकडे आहे का, एवढंच त्या अधिकाऱ्याला बघायचं असतं. नोकरी हे कारण आहे, मळीतलं रानही आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याला परत बोलावलं. म्हटलं, वही आण आणि कुठं कुठं जायचंय ते लिही. त्यानं लिहिलं: पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम, झुरिक, बार्सिलोना, लिस्बन. एकवीस दिवस.

दहा शहरं आणि एकवीस दिवस म्हणजे नऊ वेळा सॅक भरायची, नऊ वेळा नवा रस्ता शोधायचा आणि नऊ वेळा प्रवासाचे पैसे मोजायचे. बॅकपॅकिंगमध्ये सगळ्यात महाग पडतं ते हलणं. मुक्कामाचा दर ठरलेला असतो, खाणं हातातलं असतं, पण हललं की पैसे सुटतात. शिवाय पॅरिस, ॲमस्टरडॅम, झुरिक ही शहरं इतकी महाग आहेत, की तिथल्या चार दिवसांत दुसरीकडचे आठ दिवस निघावेत. बसच्या खिडकीतून दहा देश दाखवणाऱ्या पॅकेजांनी ही यादी आपल्या डोक्यात घातली आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसांना ती पॅकेजं ठीक आहेत. सव्वीस वर्षांच्या पोरानं तीच यादी पाठीवर घेऊन धावत सुटायचं कारण काय?

मी विचारलं, "या दहांतल्या एकाही गावाशी तुझा संबंध काय?"

"संबंध कशाला लागतोय मावशी? बघायला जातोय."

"कपडे कुठनं घेतोस?"

"गांधीनगरातनं."

"गांधीनगराच्या आधी तिथं काय होतं?"

त्याला माहीत नव्हतं. त्याच्या वयाच्या कुणालाच माहीत नाही, आणि याची लाज आपल्या पिढीनं बाळगायला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या पूर्व भागातल्या लाखो लोकांना रशियानं घरातून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ नंतर त्यांतल्या अनेकांना सुटका मिळाली आणि १९४२ मध्ये ते इराणात पोचले. तिथून काही हजार लोक हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची छावणी १९४३ मध्ये उभी राहिली. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. पाच वर्षांच्या आसपास हे पोलिश गाव पंचगंगेच्या खोऱ्यात नांदलं. काही जण इथंच वारले, त्यांची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. छावणी उठली, फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले आणि आजचं गांधीनगर झालं. ज्या बाजारात आपण लग्नाचा बस्ता बांधतो, त्या जमिनीवर आधी ही माणसं राहून गेली.

त्यांनी कोल्हापूरला विसरायला नकार दिला. वॉर्सामध्ये २०१७ पासून कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा टीव्हीवर दोन मिनिटं बातमी आली आणि गेली. युरोपच्या एका राजधानीत आपल्या जिल्ह्याचं नाव दगडावर आहे, आणि आपली पोरं युरोपला निघाली की यादीत आधी आयफेल टॉवर लिहितात.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं वहीतलं पान उलटलं आणि नव्या पानावर वॉर्सा लिहिलं. खाली क्राको, मग प्राग, मग बुडापेस्ट. चार गावं, तीन देश. पोलंडमध्ये सगळ्यात जास्त दिवस, म्हणून व्हिसाचा अर्जही पोलंडकडेच, कारण जिथं जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. वॉर्सा ते क्राको रेल्वेनं अडीच तासांच्या आसपास. क्राकोहून ऑश्वित्झ सत्तर किलोमीटरच्या आत. तिथं प्रवेशाला पैसे नाहीत, पण दिवस आणि वेळ आधी नोंदवावी लागते, आणि तिथं फोटो काढायला नाही तर गप्प राहायला जायचं, हेही मी त्याला वहीत लिहून घ्यायला लावलं.

रेल्वेच्या युरेल पासची जाहिरात त्यानं दाखवली. तेहतीस देश, एक पास. तीन देशांत फिरणाऱ्याला तेहतीस देशांचा पास कशाला? फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. आधी सुटी तिकिटं जोडून बघायची, पास त्याहून स्वस्त निघाला तरच घ्यायचा.

कधी जायचं, हे आम्हाला कृष्णा आणि पंचगंगा सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या कुरुंदवाडचा माणूस घर सोडत नाही. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पाणी आलं तेव्हा जनावरं हलवायला, धान्य माळ्यावर चढवायला हात लागले. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो, तोडीची पाळी कधी येईल सांगता येत नाही. मधे उरतो सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात. युरोपातही तेव्हा उन्हाळी गर्दी ओसरलेली असते, मुक्काम स्वस्त होतात, थंडी अजून चावत नाही. फक्त त्या दिवसांत म्युनिककडे फिरकायचं नाही, कारण तिथल्या बिअरच्या जत्रेमुळे खाटांचे भाव आभाळाला भिडतात.

आता पैसे. वही माझ्याकडे घेतली आणि आकडे मीच लिहिले. हे माझे अंदाज आहेत आणि मुद्दाम थोडे चढे धरले आहेत. व्हिसा, विमा, मुंबई-पुण्याचे हेलपाटे यांना १५,००० रुपये. विमा किमान ३० हजार युरोंच्या उपचारखर्चाचा असावा लागतो, त्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही. विमान जाऊन-येऊन, मधे एकदा बदलून, ६०,०००. वीस रात्री हॉस्टेलची खाट, रात्रीला २० युरो धरून ४२,०००. खाण्याला दिवसाला १५ युरो, ३३,०००. गावातून गावाला १२,६००. ट्रॅम, संग्रहालयं, सार्वजनिक शौचालयं (तिथं आत जायलाही नाणं मोजावं लागतं), हे सगळं २१,०००. आणि ३०० युरो, म्हणजे ३१,५००, हात न लावायचे. दात दुखला, गाडी चुकली, फोन चोरीला गेला तरच मोडायचे. बेरीज २,१५,१००.

एकसष्ट टन ऊस. एकरी पंचेचाळीस टन उतारा धरला तर सव्वा ते दीड एकराचं पीक, तेही खत, पाणी, तोडणी काहीही वजा न करता. मेहुण्यांनी आकडा ऐकून डोक्याला हात लावला. मी म्हटलं, भाऊजी, तुमच्या उसाला हात लावायचा नाही. दोन लाख पंधरा हजारांना अठरानं भागा. महिन्याला बारा हजार. पोरगं घरात राहतंय, घरचं जेवतंय, बारा हजार टाकू शकतं. अठरा महिने लागतील. आडसाली उसाला लागतात तेवढेच.

आडसाली लावणारा माणूस आठव्या महिन्यात रानात जाऊन ऊस का येईना म्हणून ओरडत नाही. त्याला माहीत असतं, पूर्ण वाढ झाल्याशिवाय उतारा पडत नाही. हाच माणूस पोराच्या बाबतीत मात्र पंधरा दिवसांत दोन लाख उभे करायला निघतो.

भाच्यानं भिशी लावायची म्हटलं. कोल्हापूर जिल्ह्यात माणूस जन्मला की भिशीत जातो, मला भिशीचा आदर आहे. पण भिशी उचलली की पुन्हा खात्यावर एकरकमी आकडा दिसतो आणि तो कुठून आला याचा कागद नसतो. त्यापेक्षा आवर्ती ठेव, आमच्या भाषेत आरडी. दर महिन्याच्या पाच तारखेला पगारातून बारा हजार निघालेले खातेउताऱ्यावर दिसतात. अठरा वेळा. तो उतारा बघणाऱ्याला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही, आणि खोटं काहीच सांगावं लागत नाही. आता फेब्रुवारी आहे. पुढच्या वर्षीच्या जुलैत शेवटचा हप्ता, त्याच सुमाराला अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि पंधरा दिवस आधीपर्यंत तो जावा लागतो, पण शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच विकत घ्यायचं. अर्जाला आरक्षण पुरतं.

एका ठिकाणी बहुतेक पोरं फसतात. युरोप म्हटलं की युरो. भाच्यानंही कार्डावर युरो भरायचं ठरवलं होतं. त्यानं निवडलेल्या तीन देशांत युरो हे चलनच नाही. पोलंडमध्ये झ्लॉटी, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. म्हणजे रुपयाचे युरो करताना एकदा कात्री आणि युरोचे झ्लॉटी करताना दुसऱ्यांदा. कार्ड देणाऱ्याला आधीच विचारायचं की या तीन चलनांत खर्च केला तर किती टक्के कापणार, आणि ते लेखी घ्यायचं. एटीएममध्ये किंवा दुकानात यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की इथल्या चलनात. रुपये ओळखीचे म्हणून माणूस रुपये दाबतो आणि यंत्राच्या मनाला येईल त्या दरानं पैसे जातात. नेहमी तिथलंच चलन दाबायचं. माझ्या खिडकीवर परदेशातून आलेली माणसं उतारा पुढे करून विचारायची, हे जास्तीचे पैसे कशाचे कापले? जाण्याआधी विचारायला एकही आला नाही.

खाण्याची काळजी बहिणीला. तिनं वाडीचे पेढे बांधून द्यायचं आत्ताच ठरवलंय. नरसोबावाडीचे पेढे मला प्राणापलीकडे प्रिय आहेत, तरी नाही म्हणावं लागलं. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. पेढा, खवा, तूप, सगळं तिथल्या विमानतळावर काढून घेतील. कांदालसूण चटणीला हरकत नाही, घट्ट डब्यात भरून. हॉस्टेलात सामायिक स्वयंपाकघर असतं. तांदूळ, बटाटे, अंडी, पाव तिथल्या सुपरमार्केटात स्वस्त मिळतात. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारीच बाजार करायचा. म्हणजे भाच्याला या अठरा महिन्यांत भात, आमटी आणि अंड्याची पोळी करायला शिकावं लागेल. बहीण म्हणाली, पोराला कशाला शिकवायचं? मी म्हणाले, दिवसाला १५ युरोंत जगायचं तर हॉटेलात जेवता येणार नाही, आणि स्वयंपाक न येणं ही पुरुषाची मिरवायची गोष्ट नव्हे. आल्या रविवारपासून तो चुलीपाशी बसणार आहे.

"अनोळखी लोकांत आठ-आठ खाटांच्या खोलीत झोपायचं?" ही मेहुण्यांची शंका. वाडीच्या धर्मशाळेत पौर्णिमेला आपण कुणाच्या ओळखीनं झोपतो? या हॉस्टेलांचा उगम एका शाळामास्तराच्या पोटतिडिकेत आहे. रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन शिक्षक पोरांना घेऊन पायी भटकायचा. १९०९ साली एका सहलीत वादळानं गाठलं आणि सगळ्यांना एका शाळेच्या इमारतीत रात्र काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळा मुलांच्या मुक्कामाला का देऊ नयेत, असं त्याच्या मनानं घेतलं. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल उघडलं. गरिबाच्या पोरालाही आपला देश पायांनी बघता यावा म्हणून ही खाट जन्माला आली. तिच्यावर झोपायला कमीपणा वाटावा असं काहीही नाही. किमती वस्तू कुलूपबंद कपाटात ठेवायच्या आणि पासपोर्ट अंगावर.

गल्लीत बातमी फुटली आहेच. कुरुंदवाडचं पोरगं कशाला युरोपला, असं दोघातिघांनी तोंडावर विचारलं. ज्या गावच्या संस्थानिकांच्या पदरी विष्णुपंत छत्रे घोडे शिकवत होते, आणि ज्यांनी पुढे घोडे, माणसं, तंबू घेऊन देशभर सर्कस फिरवली, सिलोनला नेली, त्या गावातल्या माणसांनी हे विचारावं? छत्र्यांना वाटेत रोज जनावरांच्या वैरणीचा हिशेब करावा लागला असेल. आमच्या पोराला फक्त स्वतःच्या पोटाचा करायचाय.

सोमवारी आम्ही दोघं बँकेत गेलो. खिडकीपलीकडची मुलगी माझ्यानंतर नोकरीला लागलेली, तिनं उठून नमस्कार केला. भाच्यानं अर्ज भरला, बारा हजार, अठरा महिने. पहिला हप्ता त्याच्याच पगारातून गेला. मी एक रुपयाही घातला नाही. नामनिर्देशनाच्या रकान्यात त्यानं आईचं नाव लिहिलं, पावती घडी करून पाकिटात ठेवली आणि बाहेर आल्यावर विचारलं, "मावशी, गांधीनगरात ती छावणी नेमकी कुठं हुती?"

मलाही नेमकी जागा माहीत नाही. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं वळिवड्याला जाणार आहोत.